चार बोटं रिकामी

६ फेब्रुवारी

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस. उचलला तर शेजारी तुझा नवरा कान लावून उभा असेल असं तुला वाटत असणार, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळेला तो होताच. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतो. तुझ्या नव्या घराचा पत्ता मला कुणी दिलेला नाही, तेव्हा तुझ्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर तुझ्या नावाखाली 'मुख्य तपासनीस' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. त्या पदासाठी घर सोडून गेलीस, निदान पाकिटावर तरी ते ठळक दिसू दे.

टोमणा म्हणून घेऊ नकोस. घेतलास तरी चालेल.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काम आहे म्हणून लिहिते आहे. गॅलरीतले तुझे डबे. ते मासेवाल्याकडून फुकट आणलेले थर्मोकोलचे खोके, ज्यांचा वास घालवायला तू माझा अर्धा साबण संपवलास. झाकणांना भोकं, भोकांत दह्याचे रिकामे कप, कपात जुन्या गादीतल्या स्पंजचे तुकडे आणि त्यात पालक. "आई, विकतचं फक्त बी आणि दोन बाटल्या खत," असं तू केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतंस! मातीचा एक कण नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की माती नाही तर मूळ धरणार कशाला? तर धरलं की मेल्यांनी. तू जाऊन इतके दिवस झाले, कुणी बघितलंही नाही, आणि पानं माझ्या तळहाताएवढी.

तुझा नवरा म्हणाला, "आई, तो कचरा काढून टाक."

मी म्हटलं, "तुझ्या बायकोने लावलाय, तू काढ."

तो बूट घालून कामावर निघून गेला. लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. घरी मात्र एकदा दार बंद झालं की हा आतच बसून राहतो. "बदली घेतलीस तर परत येऊ नकोस," असं तो म्हणाला ते मी ऐकलं होतं. तू "बरं" म्हणालीस तेही ऐकलं. मला वाटलं होतं, तुमची नेहमीची कुरबुर असेल. तोवर खाली टॅक्सी उभी होती.

झाडं मेली असती तर मी टाकली असती. जिवंत वस्तू कचऱ्यात कशी टाकू? तेव्हा यांना खायला-प्यायला काय घालायचं ते कळव. निळ्या आणि लाल झाकणाच्या बाटल्या फळीवर आहेत, पण कुठलं औषध कुणाला ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी तुम्ही दोघं गॅलरीत बसायचात आणि मीही काजं-बटणांचं काम घेऊन मध्ये स्टूल टाकायचे. किती बरं वाटायचं. आता तिथे मी असते आणि हे डबे.

तुझी सासू


२१ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळी, त्याही सगळ्या झाडांबद्दल. तिकडे बसून इकडच्या शेळ्या हाकायच्या, उंट तेवढा दिसत नाही. असो, उत्तर आलं हेच खूप.

तू लिहिलंस तसंच केलं. आधी बादलीभर पाणी, मग निळ्या बाटलीतलं एक झाकण, ढवळायचं, मग लाल बाटलीतलं. दोन्ही एकमेकींत थेट ओतायच्या नाहीत, नाहीतर फाटतं आणि खाली पांढरा गाळ बसतो. मध्ये भरपूर पाणी असलं की दोघी गुण्यागोविंदाने नांदतात म्हणे. हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर कुणाचं जोडपं आलं ते लिहीत नाही.

तू शेवटी लिहिलंस, "बाकी काही करू नका." अगं, काही करू नका म्हणजे? घरात मी काही करत नाही असं कधी झालंय? मी तुझ्या डब्यांची छान बडदास्त ठेवली आहे. त्यांना तू ते काळं प्लास्टिक गुंडाळलं होतंस ते काढलं. बिचाऱ्यांनी अंधारात का राहायचं? आता पांढरेशुभ्र दिसतात. आणि रोज दुपारी झाकण उचलून बघते, पाणी जरा कमी झालेलं दिसलं की काठापर्यंत भरते. काठोकाठ. माझ्या हातून कुणाला अर्धा कप चहा गेलेला तुला आठवतो का? मग यांनीच काय पाप केलंय!

समोरची मास्तरीणबाई परवा येऊन डबे बघून गेली. म्हणाली, "सुनेला कळवा की तुमची छाती दुखतेय. धावत येईल." मी तिला म्हटलं, "बाई, माझी छाती ठणठणीत आहे आणि माझी सून पाण्यातलं खोटं शोधायचा पगार घेते." ती गेल्यावर मात्र थोडा वेळ तो विचार माझ्या डोक्यात घोळला, ते लपवत नाही.

तुझी जेवणाची सोय कशी आहे? विचारलेलं चालतं ना?

सासू


१४ मार्च

सूनबाई,

घाईने लिहिते आहे. झाडं पिवळी पडली.

आधी कडेची पानं, मग सगळीच. माना टाकल्यात. पाण्यात उभी आहेत आणि तहानेने मेल्यासारखी दिसताहेत, हे काय गौडबंगाल आहे? मी झाकण पूर्ण उचललं, तर पाण्यावर हिरवी साय आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत. पांढरीशुभ्र होती गं, मी स्वतः पाहिली होती. वासही येतो. मी डोळ्यांत तेल घालून बघते आहे, एक दिवस खंड नाही. दुपारी भरते ते भरतेच, वर सकाळी उठून बघावं तर तेव्हाही भरलेलं असतं, म्हणजे पीत नाहीत ती. पाणीच पीत नाहीत.

तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मरू देत." पण जेवला नाही नीट.

लवकर कळव. तुझी एक वस्तू इथे जिवंत होती, ती माझ्या हातून जायला नको.


२ एप्रिल

सूनबाई,

या वेळी तुझं पत्र पानभर आलं. मी ते तीनदा वाचलं. एक भाग इथे पुन्हा उतरवते, कारण लिहिलं की माझ्या डोक्यात राहतं: "आई, पाणी भरू नका. झाड पिईल तसं पाणी खाली जाऊ द्या. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटं जागा रिकामी लागते. खालची मुळं पाणी पितात, वरची त्या रिकाम्या जागेतली हवा घेतात. वरची बुडाली की झाड भरल्या पाण्यात गुदमरतं. आणि काळं आवरण परत घाला, उजेड लागला की शेवाळ धरतं."

हे वाचून मी मशीनवर नुसती बसून राहिले. पुढ्यात एका गिऱ्हाइकाची बाही होती, तिला हात लावला नाही. अति तिथे माती म्हणतात. इथे तर माती घरात नव्हतीच, तरी मी ती करून दाखवली.

मग उठले. कुजलेली झाडं काढून टाकली. दोन डब्यांतली त्यातल्या त्यात बरी होती, ती ठेवली. पाणी बदललं, चार बोटं मोजून खाली घेतलं, कपडे बेतते त्या खडूने डब्याच्या आत रेघ मारली आणि हात बांधून बसले. तुला कल्पना नाही, काहीच न करणं किती कष्टाचं काम आहे.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं, तर पाणी रेघेच्या वर. मला वाटलं, माझीच रेघ चुकली. पुन्हा खाली घेतलं, पुन्हा आखलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. पाणी कमी होतं हे मी ऐकलंय, वाढतं कसं? मास्तरीणबाईवर संशय घेतला. तिच्याकडे आपल्या घराची किल्ली असते आणि नाक खुपसायची तिला हौस. तिला मी जवळजवळ बोलले होते, थोडक्यात वाचले.

मग एके दिवशी पहाटे उठून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. काय बघितलं असेल? तुझा नवरा. कामाचे कपडे घालून, हातात बूट, दुसऱ्या हातात आंघोळीचा मग. गॅलरीचं दार आवाज न करता उघडलं, डब्याजवळ उकिडवा बसला, झाकण उचललं आणि ओतायला लागला. एवढुसं, एवढुसं, अगदी धार बांधून.

मी म्हटलं, "कचरा आहे ना तो?"

इतका दचकला की मगातलं पाणी स्वतःच्या मोज्यांवर सांडलं. म्हणाला, "सुकतील ना."

"केव्हापासून चाललंय?"

"ती गेल्यापासून."

"आणि दुपारी मी घालत होते."

तो सकाळी ओतायचा, मी दुपारी, आणि वर तो मला सांगायचा की मरू देत. मला हसू आलं. त्याला तुझं पत्र दिलं. तो तिथेच ओल्या मोज्यांनी वाचत बसला. रिकाम्या जागेबद्दलची ओळ त्याने बोट ठेवून वाचली, शाळेत वाचायचा तशी. लिफ्टला उशीर झाला असेल कुणाच्या तरी.

मी हे मुद्दाम कळवते आहे. सासू मुलाची वकिली करते असं म्हणशील. करते. तुझ्याविना या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही, हा माझा स्वार्थ आहे आणि तो मी उघड सांगते. तू परत यावीस असं मला वाटतं. तो झाडांना पाणी घालत होता, सूनबाई. लपून घालत होता, पण घालत होता.

सासू


१९ एप्रिल

सूनबाई,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "पाणी घालणं सोपं असतं, आई. मला काही विचारायचं असेल तर त्याने मला विचारावं."

रागावले मी. कागद उशीखाली टाकला आणि दिवसभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तू एवढी शिकलेली, माणूस मगाने पाणी घालतो त्यात काय म्हणतो ते तुला कळत नाही? संध्याकाळी राग उतरला, कारण मला आठवलं की त्याचे वडीलही असेच होते. माझं जेवण झालं का हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण माझ्या मशीनला तेल तेवढं न चुकता घालायचे. मी आयुष्यभर त्या तेलावर समाधान मानलं. तू मानावंस असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

तुझा निरोप त्याला जसाच्या तसा दिला. एक शब्द वाढवला नाही, आणि हे माझ्याकडून पहिल्यांदाच घडलं आहे. तो म्हणाला, "बघतो." याचं 'बघतो' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण बोलले नाही. अजून किती बोलायचं त्याच्या वाटचं?

दोन डब्यांतली झाडं सावरताहेत. मधोमध नवीन पान आलंय, कोंबडीच्या पिल्लासारखं चुरगळलेलं. वरच्या मुळांना बारीक पांढरी लव फुटली आहे, अस्तराच्या कापडाला असते तशी. ती बघायला दिवसातून एकदाच झाकण उचलते. बरं, दोनदा.


१७ मे

सूनबाई,

त्याने फोन केला हे तुला माहीतच आहे. माझ्या बाजूने काय झालं तेवढं सांगते.

कामावरून आला, चहा घेतला नाही, फोन घेऊन गॅलरीत गेला. मी नेहमीप्रमाणे उठले, काजं-बटणांचा डबा उचलला, स्टूल हातात घेतलं. दारापर्यंत गेले. तो मला पाठमोरा दिसत होता, डब्यांकडे तोंड करून. त्याने "हॅलो" म्हटलं, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी स्टूल खाली ठेवलं. दार बाहेर ढकलून लावून घेतलं आणि परत आत आले.

हात शिवशिवत होते गं. कान तर विचारूच नकोस. म्हणून मशीनवर बसले. जुन्या छत्र्यांचं काळं कापड जमवून ठेवलं होतं डब्यांना आवरणं करायला, ते घेतलं आणि चाक असं दामटलं की मला बाहेरचं काही ऐकू येऊ नये. एक आवरण झालं. बाहेर अजून बोलणं चालू. दुसरं झालं. मग शिवायला काही उरलं नाही, तर पहिल्याची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. मधे एकदा तो हसला असं वाटलं. मी मनात मांडे खायला लागले. तू कुठल्या गाडीने येशील, तुझ्या खोलीतल्या माझ्या कापडांच्या गाठोड्यांचं काय करायचं, सगळं ठरवून टाकलं.

तो आत आला तेव्हा डोळे लाल होते. समोर बसला आणि म्हणाला, "आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय."

मी म्हटलं, "भांडलात?"

"भांडलो नाही. बोलून ठरवलं."

"बोलायचंच होतं तर राहायचं ठरवायचं होतं."

"मी विचारलं तिला, मी तिकडे येऊ का. नोकरी बघतो म्हटलं. तर ती म्हणाली, 'तेव्हा विचारलं असतंस तर.' रागावून नाही म्हणाली. वाईट वाटून म्हणाली."

मग तो माझ्या मांडीवरचं ते काळं आवरण हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. म्हणाला, "दोघांनी एवढं खरं पहिल्यांदाच सांगितलं एकमेकांना." त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ती जबड्याची घट्ट गाठ, जी इतके महिने होती, ती सुटली होती. आईला कळतं.

मी रडले. त्याच्यासमोर नाही. तुझ्यावर रागावले का? रागवायला काही सापडेना. त्याच्यावरही सापडेना. हे फार वाईट असतं, कुणावर तरी ढकलता आलं असतं तर रात्री झोप तरी लागली असती.


२५ जून

वर नेहमीचं 'सूनबाई' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

वकील घरी आला होता. चांगला माणूस आहे, मऊ आवाजाचा, प्रत्येक वाक्यानंतर 'कळलं ना?' विचारणारा. त्याने मुलाला सगळं समजावलं, कुठे सही, कुठे तारीख. तुझी सही आधीच होती. नीट, सुवाच्य, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर करतेस तशीच असणार. माझ्या मुलाने केली. पेन खाली ठेवताना त्याने टोपण लावलं आणि दोनदा दाबून बघितलं.

वकील निघाला तेव्हा मी विचारलं, "साहेब, नवरा-बायकोचं मिटलं. सासू-सुनेचं काय होतं?"

तो गोंधळला. म्हणाला, "म्हणजे? त्याबद्दल कायद्यात काही नाही."

"मोडायची सोय नाही?"

"नाही, तसं काही कलम नाही."

"मग आहे तसंच आहे असं समजू का?"

तो जरा हसला. "समजायला काय हरकत आहे, आजी. पण समोरच्याचंही मत लागतं."

त्याची फी वसूल झाली असं मला त्या एका वाक्यात वाटलं. तर तेच विचारायला हे पत्र आहे. तुझं मत काय?

तुला उत्तराचं ओझं वाटू नये म्हणून एक साधी गोष्ट विचारते. तू तिकडेही डबे लावले असशीलच. तुझे हात गप्प बसणारे नाहीत. माझ्याकडे छत्र्यांचं काळं कापड उरलं आहे आणि आता मला आवरणांचा हात बसलाय, कोपरे असे येतात की तू बघत राहशील. तुझ्या डब्यांची मापं पाठव. लांबी, रुंदी, उंची, आणि कपांची भोकं किती अंतरावर आहेत ते. मी शिवून पोस्टाने पाठवीन. बाकी काही नको.

आणि नाही पाठवलीस तर मी समजून घेईन. घेईन असं लिहिते आहे. घेता येईल का ते माहीत नाही.


९ ऑक्टोबर

अगं,

तुझा कागद काल आला.

मधले महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. पोस्टमन जिन्यात दिसला की मी कुठल्या तरी निमित्ताने दार उघडायचे, एवढं सांगितलं तरी पुरे. त्याला वाटलं असेल, म्हातारीला जिना झाडायची भारी हौस. तुला पुन्हा पत्र लिहायला किती वेळा बसले आणि किती वेळा उठले. लिहिलं नाही. पाणी खाली जाऊ दिलं.

कागदावर वरती 'आई,' असं नेहमीसारखंच. खाली मापं. लांबी, रुंदी, उंची, भोकांमधलं अंतर. एका डब्याचा कोपरा फुटका आहे म्हणून तिथे कापड जरा जास्त सोडा, असंही. एवढंच. मग कागद उलटला, तर मागे पत्ता. प्रयोगशाळेचा नाही, घरचा. मजला, दाराचा रंग, आणि घंटा बिघडली आहे म्हणून दार वाजवा. मी तो कागद मुलाला दाखवला. त्याने दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाला, "फुटक्या कोपऱ्याला आतून पट्टी लाव आई, नाहीतर तिथून उजेड शिरेल." मग उठून स्वतःच एक जाड पट्टी शोधून आणून दिली. या महिन्यापासून तो संध्याकाळी एका वर्गाला जातो, नवीन लिफ्टचं काहीतरी शिकायला. रविवारी डब्यांचं पाणी तो बघतो, बाकीचे दिवस मी. आमच्या पाळ्या ठरल्या आहेत, आणि ठरलंय ते एकमेकांना सांगून.

आवरणं तयार आहेत. पोस्टाने पाठवणार होते. पण फुटक्या कोपऱ्यावर कापड बसतंय का ते डोळ्यांनी बघावं लागतं, नुसत्या मापावर विसंबून चालत नाही. चाळीस वर्षं लोकांचे खांदे मापत आले आहे, मला माहीत आहे. तेव्हा शनिवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः घेऊन येते. तुला बोलवायला येत नाही. त्याची बाजू घेऊनही येत नाही, त्याने काही निरोप दिलेला नाही आणि मी मागितला नाही. झोपायला एक सतरंजी पुरे. तुला गॅलरीत बसायचं असेल तेव्हा बस, मी आत मशीन नसली तरी काहीतरी शोधीन करायला. बोलावलंस तर येईन.

आमच्या डब्यातली थोडी पालकाची पानं आणते आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून. ही तुझ्या पहिल्या झाडांची नाहीत, ती गेली. त्या दोन डब्यांतली जी वाचली, त्यांचं बी धरलं, त्या बियांची ही. चव बघून सांग. मुलगा म्हणतो छान आहे, पण तो बिनमिठाचंही छान म्हणतो.

परतीचं तिकीट काढूनच येते आहे, रविवार संध्याकाळचं. तू राहा म्हणशील म्हणून नाही आणि म्हणणार नाहीस म्हणूनही नाही. काढून ठेवलेलं बरं.

पिशवीही या वेळी अर्धीच भरली आहे. निघताना तुला काही द्यावंसं वाटलं तर जागा आहे.

आई